देवाचेर कसली केस?

आमचा विठूकाका शिंपी होता. बाजारातल्या एका खोलीत पायाने चालवायचे एक मशीन, कापड बेतायची फळी आणि भिंतीवर टांगलेले शाळेचे निळे-पांढरे गणवेश, एवढेच त्याचे दुकान. मे महिन्याच्या अखेरीस त्याला जेवायलाही फुरसत नसे. १९९१ साली आमच्या भागातल्या एका देवस्थानच्या जत्रेत रथ ओढताना दोरीवर गडबड झाली, मागचे लोक पुढच्यांवर आले, काका खाली पडला आणि रथाचे लाकडी चाक त्याच्या उजव्या पायाच्या पंजावरून गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. खाज्यांची पुडी हातात घेऊन मी जरा पलीकडे उभा होतो. लोकांनी आधी रथ मागे घेतला आणि मग काकाला उचलले, एवढे मला अजून स्पष्ट आठवते. इस्पितळात त्याची दोन बोटे काढावी लागली आणि पंजा कायमचा वाकडा राहिला.

आठवडाभराने देवस्थान समितीची दोन-तीन माणसे घरी आली. प्रसाद, नारळ आणि पाकिटात पाचशे रुपये. काकीने चहा केला. ती गेल्यावर शेजारचे एक गृहस्थ, जे एका वकिलाकडे टायपिंगचे काम करायचे, ते काकाला म्हणाले की समितीवर दावा लावता येईल, विचार कर. काका खाटेवर पडल्या पडल्या हसला आणि म्हणाला, "देवाचेर कसली केस, रे?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पुढे मी सरकारी नोकरीत चिकटलो, आणि गेली कित्येक वर्षे माझ्या टेबलावरून आपत्तीत सापडलेल्यांना मदत मंजूर करण्याच्या फायली जातात. आमच्या फायली इंग्रजीत चालतात आणि त्यांत एक ठरलेला शब्द असतो, एक्स ग्रेशिया. मराठी वर्तमानपत्रे त्याला सानुग्रह मदत म्हणतात. शब्द मोठा गोड आहे. अनुग्रहासह, म्हणजे कृपेने दिलेले. आदेशाच्या शेवटी आम्ही एक ओळ टाकतो की ही रक्कम हक्क म्हणून मागता येणार नाही आणि तिचा पायंडा मानला जाऊ नये. शेकडो वेळा मी ही ओळ टाईप केली असेल. नुकसानभरपाई ही वेगळी चीज. ती कृपा नव्हे, ते देणे. दुकानदाराची उधारी जशी देणे असते तसेच. या दोन शब्दांत जे अंतर आहे ते कापायला कायद्याला किती वर्षे लागली आणि जत्रेच्या वाटेवर तो कुठे अडकला, हे शोधण्याचा छंद मला त्या पाचशे रुपयांमुळे लागला.

मी कायद्याचा पदवीधर नव्हे, साधा बी.ए. आहे. तेव्हा वकील वाचकांनी सांभाळून घ्यावे.

इंग्लंडात मध्ययुगापासून एक विलक्षण प्रथा होती, डिओडँड. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'देवाला द्यायचे'. एखादी वस्तू किंवा जनावर माणसाच्या मृत्यूला कारण झाले, तर ती वस्तू किंवा तिची किंमत राजा जप्त करी आणि ती धर्मकार्याला लावायची असे मानले जाई. गाडीखाली माणूस मेला तर गाडी जप्त, घोड्याने लाथ मारली तर घोडा जप्त. विठूकाकाच्या रथाचा विचार करा! चाकाने इजा केली म्हणून चाकाची किंमत देवाच्या नावाने वसूल होणार, आणि ज्याचा माणूस गेला त्याच्या घरात मात्र हक्काने काही येणार नाही. शेकडो वर्षे हे चालले. मग रेल्वे आली. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॉनिंग इथे दरड कोसळून गाडीला अपघात झाला आणि मृत्यूच्या चौकशीला बसलेल्या ज्यूरीने इंजिनावर १००० पौंड डिओडँड बसवला. रेल्वे कंपन्या हादरल्या. १८४६ साली पार्लमेंटने ही प्रथा मोडीत काढली आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्पबेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. दुसऱ्याच्या चुकीने माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना भरपाई मागता येईल, असे तो कायदा म्हणतो.

त्याआधी काय होते? १८०८ सालचा एक निवाडा प्रसिद्ध आहे. घोडागाडी उलटून एका माणसाची बायको जखमी झाली आणि महिनाभराने वारली. न्यायाधीशाने नवऱ्याला त्या महिन्याभरापुरती भरपाई दिली. मृत्यूबद्दल मात्र काही नाही, कारण माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात मागण्याजोगी इजाच नव्हे! म्हणजे जखमी केले तर पैसे पडतात आणि मारून टाकले तर सुटका. अशा न्यायावर हसावे की रडावे कळत नाही.

तोच कॅम्पबेलचा कायदा १८५५ साली ब्रिटिश हिंदुस्थानात आला. फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट, १८५५ चा तेरावा. पुस्तकात तो अजून आहे. नवरा, बायको, आईबाप आणि मुले यांना तो दाव्याचा हक्क देतो, भावंडांना देत नाही.

आपल्या गोव्यात तेव्हा ब्रिटिश नव्हते. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १ जुलै १८७० पासून लागू झाली. तिचे नाव आपण समान नागरी कायद्याच्या चर्चेत लग्न आणि मालमत्ता यांसाठीच ऐकतो. पण त्याच संहितेतले कलम २३६१ असे सांगते की जो कोणी दुसऱ्याचा हक्क मोडतो तो त्याला झालेले सगळे नुकसान भरून देण्यास बांधला जातो. केवढे सरळ वाक्य! इंग्रजांना जे एकेका खटल्यातून ठिगळे लावत शिवावे लागले ते इथे एका कलमात होते. माझ्या आजोबांच्या पिढीला हे कलम लागू होते, पण त्यांच्यापैकी कोणी त्याचा विचार जत्रेसाठी केल्याचे निदान आमच्या घरी तरी मी ऐकलेले नाही.

मग काकाने दावा लावला असता तर कोणावर? इथे गोव्याची गंमत आहे. बाकी देशात हिंदू देवतेला कायद्याने व्यक्ती मानतात. कोलकात्याच्या मल्लिक घराण्याच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली तसे स्पष्ट सांगितले. म्हणजे तिथे "देवावर केस" ही थट्टा नव्हे, देव दावा लावू शकतो आणि देवावर दावा लागूही शकतो. आपल्याकडे देवस्थान म्हणजे महाजनांची माझानिया. तिच्यासाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ साली नियम केले आणि १९३३ साली नव्याने केले. ते मुक्तीनंतरही चालू राहिले. महाजन समिती निवडतात. तीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मुखत्यार असतात, आणि कोर्टात देवस्थानच्या वतीने उभे राहणे हे या मुखत्याराचे काम. वर देखरेखीला तालुक्याचा मामलेदार. म्हणजे नोटीस कोणाच्या नावाने काढायची याची सोय पोर्तुगिजांनी आधीच करून ठेवली होती. आमचे घराणे त्या देवस्थानचे महाजन नव्हे, नुसते कुळावी. समिती निवडताना काकाला मत नव्हते. दोरी ओढायला मात्र सगळ्यांचे हात लागतात.

मुदतीचाही एक घोळ होता. गोव्यात दाव्यांच्या मुदती पोर्तुगीज संहितेप्रमाणे मोजायच्या की भारताच्या १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे? सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली पोर्तुगीज बाजूने कौल दिला होता आणि २००१ साली स्वतःच तो फिरवून १९६३ चा कायदा लागू असल्याचे सांगितले. १९९१ साली काका वकिलाकडे गेला असता तर पहिला तास यातच गेला असता!

समितीऐवजी सरकारला जबाबदार धरायचे म्हटले तर वाट आणखी लांब होती. कंपनी सरकारच्या काळातली समजूत अशी की राजा म्हणून केलेल्या कामाबद्दल सरकारवर दावा चालत नाही, व्यापारी म्हणून केलेल्या कामाबद्दल चालतो. १८६१ साली कोलकात्याच्या निवाड्यात हा फरक पक्का झाला. सरकारी गोदीतल्या कामगारांनी रस्त्यावर लोखंडाचा तुकडा पाडला, आवाजाने घोडा बिथरला आणि जखमी झाला. त्या घोड्याच्या मालकाला भरपाई मिळाली. पुढे स्वतंत्र भारतात, १९६५ साली, कस्तुरीलाल नावाच्या सराफाला मात्र मिळाली नाही. मेरठच्या पोलिसांनी त्याचे सोने जप्त करून ठेवले आणि एक हवालदार ते घेऊन पाकिस्तानात पळाला. कोर्ट म्हणाले, पोलिसी काम हे राजाचे काम, सबब दावा नाही. जत्रेतला बंदोबस्त हेही पोलिसी कामच की!

ही भिंत १९८३ पासून ढासळायला लागली. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदल शाहला सर्वोच्च न्यायालयाने थेट पैसे द्यायला लावले. १९९३ साली ओडिशातल्या कोठडीत मुलगा गमावलेल्या नीलबती बेहेरा यांना दीड लाख देताना न्यायालयाने सांगितले की जगण्याचा हक्क मोडला तर सरकारला राजेपणाची ढाल पुढे करता येणार नाही. म्हणजे कलम २१ चा आधार घेऊन रिट अर्जातच भरपाई मागायची वाट उघडली. काकाचा पाय गेला तो या दोन निवाड्यांच्या मधल्या काळात.

आता करमणुकीच्या आणि समारंभाच्या जागांकडे येतो. इथले तीन निवाडे मला जत्रेच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटतात.

१३ जून १९९७. दिल्लीच्या उपहार सिनेमात 'बॉर्डर'चा दुपारचा खेळ चालू होता. तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर होता, तिथे आग लागली आणि धूर वर बाल्कनीत चढला. ५९ माणसे गेली, १०३ जखमी झाली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवल्या होत्या, एका बाजूची ये-जा करायची वाट बंद केली होती आणि एका दाराच्या जागी मालकांच्या कुटुंबासाठी बॉक्स केला होता. दोन्ही मुले गमावलेल्या कृष्णमूर्ती दाम्पत्याने इतर कुटुंबांना जमवून संघटना केली आणि दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २००३ साली निकाल लागला. वीस वर्षांवरील मृतांच्या वारसांना प्रत्येकी १८ लाख, त्याखालच्यांच्या वारसांना १५ लाख, जखमींना एक-एक लाख, आणि शिवाय अडीच कोटी दंडात्मक भरपाई. हे अडीच कोटी कसे काढले ते बघण्यासारखे आहे. त्या जादा खुर्च्यांवर मालकांनी इतक्या वर्षांत किती कमावले असेल याचा हिशेब कोर्टाने मांडला. माणसांची वाट अडवून मिळवलेला पैसा परत घ्या, असा त्याचा अर्थ. मी हिशेबाच्या खात्यातही बसलेला माणूस आहे, मला तो परिच्छेद एखाद्या अभंगासारखा वाटला.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र आकडे उतरवले. १८ चे १० लाख, १५ चे साडेसात लाख, अडीच कोटींचे २५ लाख. जबाबदारी मालकांवर ८५ टक्के आणि वीज मंडळावर १५ टक्के ठेवली. परवाना देणारे पोलीस आणि महापालिका दोघांनाही भरपाईतून मोकळे केले. परवाना देताना चूक झाली एवढ्यावरून अधिकाऱ्यांना पैसे भरायला लावले तर परवाने देणेच बंद होईल, अशी काळजी त्यामागे दिसते. स्वतः कारकून असल्यामुळे मला ही काळजी समजते. सही करणाऱ्याचा हात थरथरतो हे मी रोज पाहतो. पण न बघता केलेल्या सहीमुळे कोणी मेला तर त्या सहीची किंमत शून्यच का, हेही मला कळत नाही.

दुसरा निवाडा हरियाणातल्या डबवालीचा. २३ डिसेंबर १९९५ ला एका डीएव्ही शाळेचा वार्षिक समारंभ लग्नाच्या हॉलमध्ये मांडव घालून चालला होता. विजेच्या ठिणगीने मांडव पेटला आणि ४४२ माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले. भरपाईचा निकाल पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने दिला तो २००९ साली, चौदा वर्षांनी. ५५ टक्के शाळेच्या संस्थेने द्यायचे आणि ४५ टक्के सरकारी यंत्रणांनी. तिसरा पुन्हा मेरठचा, कस्तुरीलालचे सोने गेले त्याच शहराचा. १० एप्रिल २००६ ला तिथे ग्राहक-वस्तूंच्या प्रदर्शनाच्या मांडवाला आग लागून ६५ माणसे गेली. आयोजक म्हणत होते की मांडव आम्ही घातला नाही, कंत्राटदाराने घातला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. ज्यांनी लोकांना बोलावले त्यांना कंत्राटदाराच्या मागे लपता येणार नाही. आयोजक ६० टक्के, सरकार ४०. आणि प्रत्येकाची रक्कम मोटार अपघाताच्या दाव्यांत काढतात त्या रीतीने काढायची.

ही रीत सांगायला हवी, कारण सगळा फरक तिच्यात आहे. माणसाचे वर्षाचे उत्पन्न धरायचे, वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे, आणि जखमी असेल तर कमाईची ताकद किती टक्के गेली ते बघायचे. २०१० सालच्या एका निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेले उदाहरण वाचून मी दचकलो होतो. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण गेली असे धरावे लागेल. पण तो सरकारी नोकरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी चालूही राहील. म्हणजे अगदी मी! आणि शिंप्याचा उजवा पाय? काकाचे वय तेव्हा ३८, त्याला गुणक १५. महिन्याला बाराशे मिळत होते असे काकी सांगायची, म्हणजे वर्षाला १४,४०० आणि पंधरा वर्षांचे २,१६,०००. कमाई तीस टक्केच गेली असे धरले तरी ६४,८०० होतात. उपचार आणि वेदना यांचे वेगळे. हे गुणक पुढच्या काळातले आहेत, त्यामुळे १९९१ साली नेमके एवढेच मिळाले असते असे माझे म्हणणे नाही. पाचशे रुपयांशेजारी ठेवून बघायला एक आकडा हवा होता, एवढेच.

आणखी एक गोष्ट. शिगम्याच्या मिरवणुकीतल्या चित्ररथाच्या ट्रकखाली हाच पाय सापडला असता तर? मग तो मोटार अपघात. त्याला वेगळे न्यायाधिकरण, नाममात्र फी आणि समोर विमा कंपनी. दोरीने ओढलेल्या लाकडी रथाखाली सापडला की नेहमीचे दिवाणी कोर्ट, मागाल त्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी, आणि हयगय कोणाची ते तुम्ही सिद्ध करा. पाय तोच, चाक बदलले की कायदा बदलतो.

सिनेमा, शाळा, प्रदर्शन यांना मालक असतो. जत्रेला कोण मालक? हा प्रश्न जुना आहे. १८१९-२० च्या सुमारास हरिद्वारच्या घाटावर स्नानाच्या गर्दीत ४३० माणसे चिरडून मेली. सरकारने नंतर घाट रुंद करून दिला. भरपाईचा प्रश्नच त्या काळात नव्हता, पण घाट रुंद झाला हेही काही कमी नव्हे. पुरीच्या रथाखाली भक्त मुद्दाम उड्या घेतात अशी कथा युरोपात इतकी पसरली की जगन्नाथ या नावावरून इंग्रजीत जगरनॉट असा शब्दच तयार झाला. हंटरसारख्या इंग्रज अधिकाऱ्यानेच नंतर लिहिले की ते मृत्यू बहुतेक गर्दीतले अपघात होते. मला यात एक सोय दिसते. माणूस स्वतःहून उडी घेतो असे ठरले की रस्ता अरुंद कोणी ठेवला हे विचारायला नको.

कायद्यात या सोयीला तत्त्वाचे रूप आहे. जो धोका पत्करून येतो त्याला तक्रार करता येत नाही. १९३२ साली इंग्लंडच्या अपील कोर्टाने ब्रुकलँड्सच्या मोटार शर्यतीत जखमी झालेल्या प्रेक्षकाला याच अंगाने नाकारले. शर्यत बघायला येणारा अशा दुर्मीळ अपघाताचा धोका मान्य करूनच येतो, असे ते म्हणणे. मुंबईच्या दहीहंडीला ते कितपत लावायचे यावर बरीच वर्षे घोळ चालला. उच्च न्यायालयाने २०१४ साली वीस फुटांची मर्यादा घातली, २०१७ साली उंचीची मर्यादा काढली पण चौदा वर्षांखालच्या मुलांना मनाई केली, आणि मग सरकारने गोविंदांचा विमा काढायला सुरुवात केली. विम्याचे वारे सगळीकडेच आहे. मुंबईच्या आपल्या जीएसबी मंडळाने २०२५ च्या गणपतीला सुमारे ४७४ कोटींचा विमा काढला, त्यातला मोठा वाटा स्वयंसेवकांच्या अपघाताचा. आपल्याकडच्या धिरयोचे मात्र वेगळेच झाले. १९९६ साली बैलाच्या धडकेने एका माणसाचा जीव गेला, प्रकरण पणजीच्या खंडपीठात गेले आणि धिरयो बंद झाल्या. त्या कशाने? तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने. मेला माणूस, पण कायदा हाताशी आला तो बैलाचा.

जत्रांचा हिशेब असाच निसटतो. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या कुंभात ३९ जण गेले. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळच्या मांढरदेवीला काळूबाईच्या जत्रेत अडीचशेहून अधिक गेले. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, मग आग. दोन्ही वेळा आयोग बसले, अहवाल आले, मदत जाहीर झाली. पण उपहारच्या आईबापांसारखे संघटित होऊन टक्केवारी ठरवून घेणारे कोणी निघाल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याचे कारण मला तरी अवघड वाटत नाही. सिनेमाचे प्रेक्षक एका शहरातले असतात, त्यांच्याजवळ तिकीट असते. जत्रेचे भाविक दहा तालुक्यांतून येतात, सकाळी पांगतात, आणि गेलेला माणूस देवीच्या पायाशी गेला असे म्हणून घरचे दुःख गिळतात. जाहीर झालेली मदतसुद्धा वेळेवर मिळते असे नाही. २९ जानेवारी २०२५ च्या प्रयागराजच्या चेंगराचेंगरीनंतर सरकारने जाहीर केलेले पैसे कुटुंबांना मिळायला उशीर होतो म्हणून अलाहाबाद उच्च न्यायालयाला त्याच वर्षीच्या जूनमध्ये सरकारला फटकारावे लागले.

आणि ३ मे २०२५ ची पहाट तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. शिरगावला श्री लईराईची जत्रा. हातात बेत घेतलेले धोंड, पहाटेचे अग्निदिव्य, आणि उताराच्या अरुंद वाटेवर झालेली चेंगराचेंगरी. त्या पहाटे सहा जण गेले, सत्तरांहून अधिक जखमी झाले. सरकारने मृतांच्या कुटुंबांना १० लाख आणि गंभीर जखमींना एक लाख जाहीर केले. सत्यशोधन समिती बसली. निखाऱ्यांवरून चालणारा धोंड निखाऱ्यांचा धोका पत्करतो, हे मला मान्य आहे. तो त्याचा नवस आहे, व्रत आहे, त्यात कोर्टाने पडू नये. पण त्याने वाटेचा धोका पत्करलेला नसतो. वाट किती रुंद असावी, दुकाने कुठे लावावी, एका वेळी किती माणसे सोडावी, हे ना देवी ठरवते ना धोंड. ते माणसे कागदावर ठरवतात, आणि त्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या असतात ते माझ्यासारख्याला चांगले माहीत आहे. मेरठच्या मापाने बघितले तर समितीचा वाटा किती आणि सरकारचा किती, असा प्रश्न निघायला हवा. दहा लाख ही रक्कम लहान नव्हे, उपहारच्या अंतिम आकड्याएवढीच आहे. पण ती देताना तिचे नाव सानुग्रह आहे. त्या नावाखाली दिली की टक्केवारी निघत नाही, आणि टक्केवारी निघाली नाही की वाट कोणी अरुंद ठेवली हे कागदावर येत नाही.

त्या जत्रेनंतरच्या दिवसांत ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हाच विषय होता. माझा एक सहकारी म्हणाला, "देवीच्या जत्रेत कोर्ट कशाला आणता?" त्याचा स्वर अगदी विठूकाकाचा होता, आणि मी काही बोललो नाही.

काकाने नंतर डाव्या पायाने मशीन चालवायला शिकून घेतले. शिलाई वाकडी यायची. शाळेचे काम हळूहळू दुसऱ्याकडे गेले आणि तो फाटके सांधण्याची, उसवण्याची कामे घेऊ लागला. पुढे मशीनला मोटार बसवली, पण तोवर तयार कपड्यांचा जमाना आला होता. जत्रेला तो दरवर्षी जात राहिला आणि दोरीला हात लावून बाजूला उभा राहायचा. २०१७ साली तो वारला.

मशीन मी माझ्या घरी आणले. खणात बॉबिन, खडू, मोजपट्टी आणि एका प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. समितीने लिहून घेतलेली पावती. पाचशे रुपये सानुग्रह मदत म्हणून पोचले, सदर अपघाताबाबत यापुढे माझी कोणावरही कसलीही मागणी नाही व राहणार नाही. रेव्हिन्यू स्टॅम्पवर काकाची सही, खाली दोन साक्षीदार. तारीख बघितली तेव्हा लक्षात आले की ती माणसे प्रसाद घेऊन आली त्याच दिवसाची आहे. म्हणजे शेजारच्या गृहस्थांनी दाव्याचे सुचवले आणि काका हसला, तेव्हा ही सही होऊन तासभरसुद्धा झाला नसेल.